रकाने नंतर भर

बेटा,

परवा एसटीची वाट बघताना तू विचारलंस, "सर, सर्वांगीण विकास वेळापत्रकात नेमका कुठं बसवू?" तेव्हा मी हसलो, पण रात्री झोप लागली नाही. अर्धी नोकरी मीही तो असाच बसवत होतो. सकाळी गणित, दुपारी खिचडी, शनिवारी कवायत आणि चित्रकला. झाला विकास!

मूल अख्खं येतं रे. भूक, वऱ्हाडी बोली, कापूस वेचताना ओरखडलेली बोटं, सगळं घेऊन येतं. तुकडे आपण करतो.

२००० च्या आसपास माझ्याकडे तिसरीत एक पोट्टी होती. दिवाळीनंतर आठवड्यातून दोनदा यायची, बाकी दिवस आईसोबत पराटीत, म्हणजे कपाशीच्या वावरात. मी नोंदवहीत लिहिलं, 'गुणाकार येत नाही.' एका संध्याकाळी बांधावर कापसाचं माप चाललं होतं. ३६ किलो, वेचणी किलोला दीड रुपया. मालकानं पन्नास टेकवले. ही म्हणाली, "नाही जी, चौपन होते." ३६ आणि त्याचे अर्धे १८, बोटंही मोजली नाहीत. मी तिथंच उभा होतो. घरी येऊन ती नोंद खोडायला हवी होती. नाही खोडली. चौथीनंतर ती शाळेत आली नाही.

आपल्या वर्ध्यातच १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, मग झाकीर हुसेन समितीनं आराखडा केला. हाताच्या कामातूनच गणित, भाषा, विज्ञान निघावं, एवढंच म्हणणं. माझ्या वाट्याला आलं तोवर त्याचा 'कार्यानुभव' नावाचा तास उरला होता, आणि तोही आम्ही गणिताला देऊन टाकायचो. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं समग्र प्रगती पत्रक आलंय. वाईट नाही. पण तू आधी रकाने बघतोस, मग पोर. माझंच सगळं पुन्हा करतोयस, म्हणून राग येतो.

उद्या मूठभर कापूस घेऊन वर्गात जा. शंभर ग्रॅम तोलायला लाव. हातानं सरकी काढू दे, वेळ लागेल, लागू दे. रुई वेगळी तोल, सरकी वेगळी. रुई साधारण तिसरा हिस्सा भरते. अपूर्णांक फळ्यावर लिहायच्या आधी पोरांच्या तळहातावर येतो. मग कुणीतरी सांगेलच, की दवातला कापूस जड भरतो म्हणून व्यापारी कटती लावतो, वजन कापतो. तिथं थांब. ते विज्ञानही आहे आणि त्याच्या बापाचं दुखणंही. ते पोरगं 'पराटी' म्हणेल. 'कपाशी म्हण' असं सांगून त्याचं तोंड बंद करू नकोस. पुस्तकातला शब्द चार दिवसांनी आला तरी चालतो.

तू म्हणशील, साहेब आले तर? माझ्याकडे आले होते. पोरं शिवारात नेली म्हणून 'कारणे दाखवा' मिळाली, अजून ट्रंकेत आहे. त्या वर्षी माझ्या वर्गाचं वाचन मागं पडलं, हेही खरंच. पण मापाच्या वेळी त्यातला एकही फसला नसता. हे मी कोणाला पटवतोय, तुला की मला, जाऊ दे. तू मात्र वाचन सोडू नकोस. कापसाच्या भावाची बातमीच वाचायला दे, मोठ्यानं.

आणि तो कोपऱ्यात रडणारा पोट्टा, ज्याचा 'भावनिक विकास' तुला भरता येत नाही. त्याला विचारलंस, सकाळी काय खाऊन आला? आजी-आजोबांकडे ठेवून आईबाप कामाला परजिल्ह्यात गेले असतील, तर त्या चौकोनात बरोबरची खूण करून काय होणार? तराजू त्याच्या हातात दे. मूल अख्खं येतं, परत सांगतो.

माझा ताणकाटा घरी पडून आहे. हूक जरा वाकलंय, पण माप बरोबर दाखवतो. रविवारी ये, घेऊन जा. जेवूनच जा.

तुझा,
सर