आधी कलम वाच

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ऐझॉलला पोहोचलीस, म्यानमारमधून आलेल्या चिन जमातीच्या कुटुंबांना भेटलीस आणि तिथल्या राजबंद्यांवरच्या लेखाचा मसुदाही लगेच धाडलास. तुझी धडाडी आवडली, मसुदा नाही. त्यात प्रत्येक राजबंदी तेजस्वी आणि प्रत्येक जेलर राक्षस. वाचणाऱ्याचा ऊर भरून येतो, पण आत बसलेल्या माणसाबद्दल त्याला काही कळत नाही.

कैद्यावर लिहायचं तर आधी त्याच्यावर लावलेलं कलम वाच. 1 फेब्रुवारी 2021 ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि त्याच महिन्यात दंडसंहितेत बदल केले. राजद्रोहाचं 124-अ आणखी व्यापक केलं आणि 505-अ नव्याने घातलं. लोकांत भीती पसरवली किंवा खोटी बातमी दिली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. संपावर गेलेले डॉक्टर, नट, पत्रकार, सगळे त्यात बसतात. ही संहिता मुळात इंग्रजांची, 1860 ची, आपल्याकडे होती तीच. टिळकांना 1908 मध्ये याच 124-अ खाली शिक्षा होऊन मंडालेला नेलं होतं. मराठी वाचकाला एवढा धागा पुरे. मंडाले म्हटलं की आपण गीतारहस्यापाशी रेंगाळतो. तू एका वाक्यात पुढे सरक.

मग सुटकेसाठी कैद्यापुढे ठेवतात तो सहीचा कागद बघ. मसुद्यात विन टिन यांच्यावर दोनच ओळी आहेत, तिथे तू घाई केलीस. हे ज्येष्ठ पत्रकार 1989 मध्ये आत गेले आणि 2008 मध्ये बाहेर आले तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. कागद-पेन्सिल मिळत नव्हती, म्हणून वीट कुटून तिच्या पुडीने ते कोठडीच्या भिंतीवर लिहीत. तुरुंगातल्या हालांची हकीकत संयुक्त राष्ट्रांसाठी गुपचूप बाहेर पाठवली म्हणून 1996 मध्ये शिक्षा आणखी वाढली. राजकारण सोडतो असं लिहून दिलं असतं तर केव्हाच सुटले असते. त्यांनी दिलं नाही. सुटल्यावरही, एकही राजबंदी आत असेपर्यंत कैद्यांचा निळा सदरा घालणार असं ठरवलं आणि 2014 मध्ये वारले तोवर तो घातला.

पण हे लिहून झाल्यावर ज्यांनी सही केली त्यांच्याकडेही जा. फौजदारी प्रक्रियेच्या 401 व्या कलमाखाली सशर्त सुटका होते. पुन्हा गुन्हा केलात तर उरलेली शिक्षा नव्या शिक्षेत मिळवायची. म्हणजे माणूस घरी येतो आणि त्याची कैद उंबऱ्याबाहेर वाट बघत उभी राहते. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते, कुणाच्या फुप्फुसात क्षय असतो. अशांना भित्रा ठरवायचा अधिकार तुला नाही, मलाही नाही. (माफीनाम्यावरून आपल्याकडे शंभर वर्षांनंतरही जी भांडणं चालतात, ती घालणाऱ्यांपैकी कितीजण एक रात्र तरी कोठडीत झोपलेत?)

लोकशाही चळवळीच्या नेत्या आँग सान सू ची यांचा परिच्छेद बदल. त्यांनी नजरकैदेत सुमारे पंधरा वर्षं काढली, 2021 मध्ये त्यांना पुन्हा कैदेत टाकलं, हे खरंच. पण त्यांचा पक्ष सत्तेत असताना, 2018 मध्ये, रोहिंग्यांच्या हत्याकांडाचा छडा लावणाऱ्या रॉयटर्सच्या दोन बातमीदारांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सू ची यांनी त्या निकालाची पाठराखण केली. कालचा कैदी उद्याच्या कैद्याच्या बाजूने उभा राहीलच असं नाही. हे गाळलंस तर बाकीचं खरंही वाचकाला खोटं वाटेल.

जुलै 2022 मधल्या चार फाशींचा भाग तसाच ठेव, फक्त विशेषणं काढ. 1988 च्या लोकशाही चळवळीतले को जिमी, रॅप गाणारे आणि पुढे खासदार झालेले फ्यो झेया थॉ, आणि आणखी दोघे. खटला लष्करी न्यायालयात बंद दाराआड चालला आणि मृतदेहही घरच्यांना दिले नाहीत. एवढं सरळ सांग.

आकड्यांसाठी थायलंडच्या सीमेवर माए सोतला माजी राजबंद्यांनी 2000 मध्ये उभारलेल्या संघटनेच्या याद्या वापर. सुटून आलेल्या माणसांनी मागे राहिलेल्यांची नावं टिपत बसणं मला मोर्च्याइतकंच मोलाचं वाटतं. त्या याद्या बघूनच तू लिहिलेला 'हजारो' हा शब्द बदल.

राजबंद्यांना मुद्दाम घरापासून शेकडो मैल लांबच्या तुरुंगात टाकण्याची तिथे जुनी रीत आहे. तेव्हा औषधं आणि सुकी मासळी घेऊन कोण जातं, भाडं कुठून येतं, भेट किती मिनिटांची, हे त्या घरातल्या बायकांना विचार. तुझ्या मसुद्यात त्या फक्त रडताना दिसतात.

आणि हो, ज्या मावशींचा मुलगा अजून आत आहे, त्यांचं नाव, गाव, फोटो, सगळं काढ. त्या हो म्हणाल्या असल्या तरी. लेख ऑनलाइन जाणार, तुरुंगातले अधिकारीही तो वाचू शकतात. दुसरा मसुदा पाठवशील तेव्हा खरी नावं मलाही कळवू नकोस.

तुझा,
काका