चाकाखालचा गुटका : वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी ट्रॉलीच्या हूकबद्दल लिहिलं, आणि प्रश्न आले ते चाकाखालच्या दगडाबद्दल. बरंच झालं. (खायच्या गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, हा गुटका, म्हणजे उभी ट्रॉली घरंगळू नये म्हणून चाकाला लावायचा ठोकळा, मात्र प्रत्येक ट्रॉलीत हवा.)

जिनिंगच्या रांगेत कापसाची ट्रॉली रात्रभर उभी राहते, ट्रॅक्टर सोडून घरी आणावा लागतो. चाकाखाली दगड लावतोच, मग गुटका काहून घ्यावा भाऊ? – शेतकरी, हिंगणघाट तालुका

माझा राग दगडावर नाही, गोट्यावर आहे. एका सांजेला सोयाबीनची ट्रॉली मी अशीच नाल्यातल्या गोट्यावर भरवसा ठेवून सोडली होती. पिन काढली, ट्रॅक्टर दोन हात पुढे घेतला, अन् मागून कर्रर्र आवाज. चाकाने गोटा लाडवासारखा गरगर लोटत नेला. ट्रॉली धुऱ्यावरच्या बाभळीला टेकून थांबली म्हणून निभावलं.

हिशेब साधा आहे. मालासकट 3 टनांची ट्रॉली 10 फुटांत 1 फूट उतरणाऱ्या जागी उभी असेल, तर खालच्या अंगाला जवळजवळ 300 किलोची ओढ बसते. म्हणजे तीन क्विंटल रात्रभर त्या गोट्याला ढकलत असतात. ट्रॅक्टरचा हँडब्रेक ट्रॅक्टरपुरता. पिन निघाली की ट्रॉलीला तुम्ही लावलेल्या गुटक्याशिवाय कोणी वाली नाही.

गुटका पाचरीसारखा हवा : बूड सपाट, तोंड उतरतं. उंची टायरच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाइतकी तरी ठेवा. टायर जमिनीपासून माथ्यापर्यंत 36 इंच भरला, तर गुटका 9 इंच. उताराच्या अंगाने दोन्ही चाकांना, टायरच्या मधोमध, अगदी भिडवून लावा. बोटभर फट राहिली तरी चाक तेवढ्यात वेग घेतं. जागा सपाट दिसली तरी पुढून-मागून दोन्हीकडे लावा. आणि हे सगळं पिन काढायच्या आधी.

दगडाचं आणखी एक दुखणं. ट्रॉली निघून जाते, दगड रस्त्यावरच राहतो, आणि रात्री मोटारसायकलवाला त्यावर आपटतो.

लाकडाचा घ्यावा, रबराचा की प्लास्टिकचा? – आर्णी

शेतात आणि मुरमावर बाभळीचा. सुतार तासून देतो, आणि बाभूळ लवकर चिरत नाही. जिनिंगच्या सिमेंटच्या फरशीवर जाड रबराचा चांगला, तो जागा धरून बसतो. हलकं प्लास्टिक मला पटत नाही : आपल्या उन्हात दोन-तीन मोसमांत ते कडक होऊन तडकतं.

पावसात काळ्या जमिनीत गुटकाच रुततो. काय करावं? – अकोट

काळी माती ओली झाली की तिच्यावर कशाचाच भरवसा नाही. गुटक्याखाली फूट-दीड फूट रुंद जाड फळी टाका, आणि फळीचं टोक चाकाखाली जाऊ द्या, म्हणजे ती सरकणार नाही. जमलं तर ट्रॉली पांदणीच्या मुरमावरच सोडा.

चिखलदऱ्याला जागा आहे. पर्यटकांसाठी चार चाकांची, मागे ओढायची कॅरव्हॅन ठेवायचा विचार आहे. दोन चाकांच्या मधे बसणारा स्क्रूचा गुटका पुरेल का? – अचलपूर

नाही पुरणार. 2021 मध्ये राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून असे प्रश्न येतात. मधला स्क्रूचा गुटका चाकांची डगमग कमी करतो, त्यामुळे आत चालताना गाडी हलत नाही. थांबवायचं काम जमिनीवरच्या पाचरीचं. क्रम असा : आधी पाचरी, मग पुढचा जॅक जमिनीला टेकवणं, मग हूक सोडणं, शेवटी चार कोपऱ्यांचे पाय. हे पाय म्हणजे ब्रेक नव्हेत, एवढं पर्यटकांनाही सांगा. चिखलदऱ्याची रात्र थंड. टायर थोडा आकसतो आणि स्क्रू सैल पडतो. सकाळी चहाआधी हात लावून बघा.

माल भरल्यावर गुटका असा दाबून बसतो की निघत नाही. पोरगा हातोडा मारतो. – वरोरा

त्याला आजच थांबवा. ट्रॅक्टर जोडून पिन घाला, चढाच्या अंगाला चारेक बोटं ओढा, गुटका आपोआप मोकळा होतो. चाकाखाली हात घालायचाच नाही. प्रत्येक गुटक्याला भोक पाडून हातभर दोरी बांधा, आणि बाजूला उभं राहून ओढा. दोरी लाल घ्या. गवतात दिसते, आणि गुटका जिनिंगमध्येच विसरून येत नाही.