कोल्हापुरात बसप्रवाशांसाठीच्या जाहिरातीच्या जागा ऑनलाइन नकाशावरून कशा शोधाव्यात?

आपण राजारामपुरीत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका सुरू केली आहे, हाताशी रक्कम मोजकी आहे, आणि के.एम.टी.च्या (महापालिकेच्या शहर बससेवेच्या) बस, थांबे व एस.टी. स्टँड यांपैकी नेमकी कोठे जाहिरात लावावी हे नकाशावरून ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. मी शाहूपुरीत लहान व्यावसायिकांच्या जाहिरातींचे काम करतो. माझ्या अनुभवाप्रमाणे नकाशावरून जागांची यादी करता येते, ती बरीचशी छाटताही येते. परंतु फलकाचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि त्याच्यासमोर कोण, किती वेळ थांबते, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत.

नकाशा उघडला की बहुतेकांची नजर आधी गर्दीच्या ठिकाणांकडे जाते आणि महाद्वार रोड, पापाची तिकटी, बिंदू चौक अशी नावे यादीत सर्वांत वर येतात. तेथे गर्दी असते हे खरेच, पण तिच्यात अंबाबाईच्या दर्शनाला आलेले भाविक आणि खरेदीला आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. त्यांना अभ्यासिकेचे काही देणेघेणे नसते. म्हणून आपला विद्यार्थी घरातून निघून राजारामपुरीपर्यंत कसा पोहोचतो, त्या वाटा प्रथम नकाशावर आखाव्यात. तालुक्यांच्या गावांतून येणारा मुलगा एस.टी.ने मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतो. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले या बाजूचा रेल्वेने येऊन जवळच असलेल्या छत्रपती शाहू महाराज टर्मिनसवर उतरतो. शिरोलीकडचा महामार्गावरून तावडे हॉटेल, ताराराणी चौक असा आत येतो. पन्हाळ्याच्या बाजूचा शिवाजी पूल ओलांडतो. आणि फुलेवाडी, कळंबा, पाचगाव, कसबा बावडा येथील मुले के.एम.टी.ने किंवा दुचाकीने येतात. या वाटा रंगीत रेषांनी आखल्या की त्या कोठे एकत्र येतात हे आपोआप दिसते. आपल्या बाबतीत बसस्थानक आणि रेल्वे स्टेशनचा परिसर, तेथून राजारामपुरीकडे जाणारे रस्ते आणि पुढे सायबर चौक ते शिवाजी विद्यापीठ हा पट्टा वर येईल, असे मला वाटते. रंकाळा आणि संभाजीनगर या स्टँडांचाही विचार करावा. मात्र कोणत्या गावची गाडी कोणत्या स्टँडवरून सुटते हे नकाशाला न विचारता चौकशी खिडकीवर विचारावे.

थांबे शोधण्यासाठी मी दोन नकाशे शेजारी शेजारी उघडतो. गूगल मॅप्सवर पुरेसे जवळ गेल्यावर बसची लहान चिन्हे दिसू लागतात. दुरून शोध घेतल्यास त्यातील थोडीच समोर येतात, म्हणून एकेक रस्ता जवळून पाहावा लागतो. दुसरा नकाशा ओपनस्ट्रीटमॅप. तो सर्वांसाठी खुला आहे, स्वयंसेवकांनी भरलेला आहे, आणि त्यातील बसथांबे ओव्हरपास टर्बो या संकेतस्थळावरून एकगठ्ठा उतरवून घेता येतात. त्याचा आणखी एक फायदा असा, की थांब्याचा ठिपका शक्यतो रस्त्याच्या ज्या कडेला थांबा आहे त्याच कडेला देण्याची तेथे पद्धत आहे. त्यामुळे जाण्याचा आणि येण्याचा थांबा हे दोन वेगळे ठिपके म्हणून मिळतात. एखादा थांबा सुटला असेल तर तो आपण स्वतः भरू शकतो, आणि भरावाच, कारण पुढच्या माणसाचा तेवढा हेलपाटा वाचतो.

ही सर्व ठिकाणे गूगल माय मॅप्सवर स्वतःच्या नकाशात भरावीत. एका नकाशात दहा थर (लेयर) करता येतात आणि तक्ता चढवताना एका थरात दोन हजार ओळी बसतात, म्हणजे कोल्हापूरसाठी ही सोय गरजेपेक्षा जास्तच आहे. संगणकावर नकाशातील जागेवर माउसचे उजवे बटण दाबले की अक्षांश-रेखांश मिळतात. ते तक्त्यात वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावेत आणि त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. कोल्हापूरचे अक्षांश १६.७ आणि रेखांश ७४.२ च्या आसपास आहेत. ते उलटे भरले तर आपला थांबा नॉर्वेच्या उत्तरेला भर समुद्रात जाऊन बसतो, आणि माझ्याकडे एका उन्हाळी दुपारी असे चाळीसएक थांबे गार पाण्यात बसले होते. नावापुढे रस्त्याची बाजू, गाडी कोठून कोठे जाते, पिकअप शेड आहे की नुसता खांब, रात्री उजेड असतो का, समोर अडथळा काय आहे आणि प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख, एवढे रकाने मी ठेवतो.

येथे नकाशाच्या दोन सोयींबद्दल सावध करणे आवश्यक आहे, कारण त्या दिसायला फार पटणाऱ्या आहेत. पहिली म्हणजे वाहतुकीचे रंग. संगणकावर सध्याच्या वाहतुकीऐवजी नेहमीची वाहतूक निवडून वार आणि वेळ बदलता येते, आणि सकाळी नऊला व्हीनस कॉर्नर किंवा दसरा चौकाजवळचा रस्ता कसा रंग बदलतो ते पाहता येते. पण तो रंग वाहनांचा वेग सांगतो, संख्या सांगत नाही. अरुंद गल्लीत दोन टेम्पो अडकले तरी रेषा लाल होते, आणि रुंद रस्त्यावरून हजारो गाड्या सुरळीत जात असल्या तरी ती हिरवीच राहते. जाहिरातीसाठी लाल रेषेचा उपयोग एवढाच, की तेथे माणूस काही क्षण अडकतो आणि वाचू शकतो. दुसरी सोय म्हणजे एखाद्या ठिकाणाखाली दिसणारा गर्दीच्या वेळांचा आलेख. त्यातील उंची त्याच ठिकाणाच्या आठवड्यातील सर्वाधिक गर्दीच्या मानाने काढलेली असते. म्हणून बसस्थानकाचा आणि एखाद्या लहान नाक्यावरील दुकानाचा आलेख सारखा उंच दिसला तरी दोन्हीकडे सारखी माणसे येतात असे मुळीच नाही. एकाच ठिकाणी कोणती वेळ चांगली हे त्यावरून पाहावे, दोन ठिकाणांची तुलना करू नये.

अंतर मोजण्याची सोय मात्र बिनदिक्कत वापरावी. बस ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल तर ती सेकंदाला सुमारे आठ मीटर पुढे सरकते; म्हणजे वळणामुळे फलक ५० मीटर आधीच दिसू लागत असेल, तर वाचायला जेमतेम सहा सेकंद मिळतात. दर दहा फुटांना अक्षराची एक इंच उंची, असा फलक करणाऱ्यांचा ढोबळ आडाखा आहे. त्या हिशेबाने ५० मीटरवरून वाचता यावे असे अक्षर सुमारे सोळा इंची लागते. अभ्यासिकेचे नाव, ठिकाण आणि फोन यापलीकडे काही लिहिण्याचा मोह झाला तर हा हिशेब पुन्हा करावा. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला हा नियम लागू नाही. तो पाच-दहा मिनिटे तेथेच असतो आणि शेडच्या आतील बाजूचे लहान अक्षरही वाचतो. आपल्याला फी, वेळ, आसनसंख्या असा तपशील सांगायचा असल्याने शेडच्या आतील जागा मी बाहेरच्या मोठ्या फलकापेक्षा वर ठेवीन.

माझी एक चूक सांगतो. एका ग्राहकासाठी मी उपग्रहचित्र पाहून एका थांब्याची जागा पसंत केली. झाड नाही, खांब नाही, समोर रस्ता मोकळा. फलक लागल्यानंतर आठवड्याने तेथे गेलो तेव्हा रिक्षा रांगेने उभ्या होत्या आणि फलकाचा खालचा अर्धा भाग त्यांच्या हुडांमागे गेला होता. फोन नंबर नेमका त्याच भागात होता. उपग्रहचित्र वरून आणि कधीतरी काढलेले असते. रिक्षा थांबा, भेळेची गाडी, उत्सवाचा मांडव, वाढदिवसाचे फ्लेक्स यांपैकी काहीही त्यात दिसत नाही. तेव्हापासून मी यादीतील शेवटच्या सात-आठ जागांवर सकाळी आणि संध्याकाळी असे दोनदा जाऊन अर्धा तास उभा राहतो, आणि थांब्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढतो.

बसवरील जाहिरातीचा विचार निराळा आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि बसचे दार डावीकडे असते, त्यामुळे थांब्यावरच्या माणसाला बसची डावी बाजू दिसते. मागची बाजू सिग्नलला पाठीमागे थांबलेल्या दुचाकीस्वाराला दिसते. महाविद्यालयीन मुलांमध्ये दुचाकीवाले पुष्कळ असल्याने आपल्यासाठी मागची बाजू किंवा बसच्या आतील पट्टी यांना मी पसंती देईन. आपण आखलेल्या वाटांवर जास्तीत जास्त अंतर कोणता मार्ग चालतो ते नकाशावर पाहावे, पण बस आज एका मार्गावर आणि उद्या दुसऱ्या मार्गावर सोडली जाऊ शकते, हे ध्यानात ठेवून मार्गाचा उल्लेख करारात लेखी मागावा. महिने ठरवताना पंचगंगेचाही विचार करावा. राजाराम बंधाऱ्यापाशी इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी त्यापुढे चढू लागले की नदीपलीकडच्या गावांचे रस्ते एकेक करून बंद होतात आणि त्या बाजूच्या बस थांबतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत तर महामार्गावरची वाहतूकही बंद पडली होती. पश्चिमेकडच्या मार्गाची जाहिरात या दोन महिन्यांसाठी घेऊ नये.

परवानगीबाबत थोडक्यात सांगतो. के.एम.टी.च्या बस व थांब्यांसाठी परिवहन कार्यालयात, एस.टी.साठी विभागीय कार्यालयात आणि रेल्वे स्टेशनसाठी रेल्वेच्या वाणिज्य विभागात विचारावे; जाहिरातीचे हक्क ठेकेदाराला दिलेले असतील तर त्याचे नाव तेथेच कळते. महापालिका हद्दीतील होर्डिंगला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २४४ व २४५ खाली परवानगी लागते. मे २०२४ मध्ये घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसे गेली. त्यामुळे परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय कोणत्याही होर्डिंगचे पैसे देऊ नयेत. रात्री जाऊन शेडवर पत्रके चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हा ठरू शकतो.

पहिल्या खेपेला आपण स्टेशन परिसरातील एक शेड, विद्यापीठाच्या रस्त्यावरील एक शेड आणि एका बसची मागची बाजू, एवढेच तीन महिन्यांसाठी घ्यावे असे मी सुचवीन. तिन्ही ठिकाणी क्यू.आर. कोड वेगळा छापावा, आणि फोन करणाऱ्याला ‘जाहिरात कोठे पाहिली?’ हे विचारून त्या नकाशात आणखी एका रकान्यात आकडा भरत जावा. चौथ्या महिन्याचे पैसे कोठे भरायचे ते त्या रकान्यावरून ठरवता येईल.