‘दुहितृ’ शिकायला घेताना

आधी एकच गोष्ट पक्की करा: मूळ संस्कृत शब्द दुहितृ (लेक), ‘दुहिता’ हे त्याचं प्रथमेचं एकवचन. नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. शेवटचा आ पाहून आपण ‘माला’प्रमाणे ‘दुहितायाः’ करतो. बरोबर रूप दुहितुः (लेकीचा).

‘मातृ’ नीट पाठ असेल तर निम्मं काम झालंच. माता, मातरौ, मातरः. तसंच दुहिता, दुहितरौ, दुहितरः. दोन जागी मात्र जपा:

- ‘कर्तृ’च्या (करणारा) ‘कर्तारः’ या रूपाच्या सवयीने ‘दुहितारः’ म्हणू नका. तो दीर्घ आ ‘स्वसृ’ला (बहीण) लागतो: स्वसारः.
- द्वितीयेचं अनेकवचन दुहितॄः. ‘पितॄन्’मधला न् पुल्लिंगाचा.

व्युत्पत्तीचं कुतूहल तुम्हाला असणारच, मलाही तेच या शब्दाकडे घेऊन आलं. ‘दुह्’ म्हणजे दूध काढणे, म्हणून दुहिता, असं सर्रास सांगतात. पण प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने आपल्या निरुक्त या ग्रंथात याखेरीज ‘दुर्हिता’ (जिचं हित साधणं कठीण) आणि ‘दूरे हिता’ (जी दूर असण्यात हित) अशाही व्युत्पत्त्या दिल्या आहेत, तेव्हा एकीलाच अंतिम धरू नका. फारसी ‘दुख्तर’, इंग्रजी ‘डॉटर’ हे याच कुळातले. म्हणजे शब्द संस्कृतहूनही जुना. आणि कोकणीत लेकीला ‘धूव’ म्हणतात ना, तीही हीच दुहिता! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

पाणिनीची सूत्रं आत्ता नकोत. आठवडाभर रोज ‘मातृ’ आणि ‘दुहितृ’ शेजारी शेजारी, मोठ्याने म्हणा. मग ‘दौहित्र’ (लेकीचा मुलगा) घ्या.