जुन्या हिंदी रहस्यपटांत गुंड आणि क्लबमधली नर्तकी ख्रिश्चनच का असायची?

तुमचा प्रश्न वाचला आणि आजी डोळ्यांसमोर आली. आम्ही वसईचे ख्रिस्ती. लाल लुगडं नेसून भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने दादर गाठणारी, रविवारची मिस्सा कधी न चुकवणारी, आयुष्यभर मराठीच बोललेली बाई. दूरदर्शनवर जुना सिनेमा लागला आणि गळ्यात क्रूस घातलेला माणूस दिसला की ती म्हणायची, ‘हा आता कोणाला तरी मारणार.’ बहुतेक वेळा तो मारायचाच.

माझ्या मते मूळ कारण नायिकेच्या अब्रूत आहे. नायिकेने दारूला शिवायचं नाही, परक्या पुरुषांसमोर अंगविक्षेप करायचे नाहीत, हा त्या काळचा अलिखित दंडक. पण क्लबशिवाय रहस्यपट रंगत नाही, आणि क्लबमध्ये नाचायला कोणीतरी हवंच. मग तिचं नाव एडना किंवा रूबी ठेवायचं. तोकड्या कपड्यांसारखंच नावही अंगावर चढवायचं, म्हणजे प्रेक्षकाला आपल्या घरातली मुलगी नाचतेय असं वाटत नाही.

१९५८चा ‘हावडा ब्रिज’ बघा. कोलकात्यातली एडना झालीय मधुबाला, हॉटेलवाला अंकल ज्यो झालेत आपले धुमाळ, आणि जॉन चँग नावाचा चिनी खलनायक मदन पुरी! चिनी वेशातलं ते प्रसिद्ध गाणं हेलनच्या वाट्याला आलं, जी स्वतः लहानपणी युद्धातून जीव वाचवून ब्रह्मदेशातून आली होती. चारच वर्षांनी भारत-चीन युद्ध पेटलं आणि भारतातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. सुतारकाम करणारा, चामड्याचा धंदा करणारा साधा चिनी शेजारी पडद्यावर कधी दिसलाच नव्हता, हे मला फार लागतं.

‘तीसरी मंझिल’मध्ये (१९६६) तर नायकच हॉटेलातला ड्रमवादक रॉकी. बहिणीच्या मृत्यूला तोच जबाबदार म्हणून नायिका रॉकीचा तिरस्कार करते, आणि प्रेम जडतं ते अनिलवर. माणूस एकच. कथेत याला कारण आहे, मान्य. तरी बदनाम नाव कुठलं आणि घरात घेण्याजोगं कुठलं, हे बरोबर ठरलेलं आहे.

आणि ज्या क्लबच्या संगीतावर हे सगळं उभं होतं, ते वाजवणारे बरेचसे गोव्याचे ख्रिश्चन होते. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा वाद्यमेळ लिहून द्यायचे. सुरांवर असा हात असलेला डिसोझा एखाद्या कथेचा नायक का झाला नाही?

सगळंच वाईट होतं असं नाही. ‘जंजीर’मधला (१९७३) डिसिल्वा आठवतो? ओम प्रकाशने केलेला. विषारी दारूने त्याची मुलं गेलीत, म्हणून तो इन्स्पेक्टरला नाव न सांगता फोन करून गुंडांची खबर देतो. दारू इथेही सुटत नाही, पण हा माणूस बाप आहे, पोरांच्या दुःखाने पार मोडलेला. आजी सिनेमा बघताना वालाच्या शेंगा सोलत बसायची. डिसिल्वा बोलायला लागला की तिचे हात थांबायचे.