गेट वाजले की हात थांबतो

प्रश्न : मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अकरा वर्षे परिचारिका आहे. महिन्यापूर्वी नाइट ड्यूटीवर फुरसे हा विषारी साप चावलेला एक तरुण आला. त्याचे रक्त नळीत घेऊन आम्ही ती बाजूला ठेवली होती. तेवढ्यात, "नुसत्या उभ्या राहून काय बघताय?" असे ओरडत त्याच्या एका नातेवाइकाने माझा हात पिरगळला आणि सलाइनचा स्टँड अंगावर ढकलला. रुग्ण वाचला. मात्र आजही रात्री वॉर्डचे लोखंडी गेट वाजले की मी हातातली सुई तशीच धरून उभी राहते. वरिष्ठ म्हणतात, गावातलीच माणसे आहेत, मिटवून टाका. घरचे म्हणतात, नोकरी सोड. मी कमकुवत आहे का?

उत्तर : सिस्टर, "रुग्ण वाचला" हे आपण दोन शब्दांत सांगून पुढे गेलात, पण मला तेथेच थांबावेसे वाटते. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, आणि ते ओळखण्यासाठी काचेच्या नळीतले रक्त २० मिनिटे न हलवता ठेवावे लागते. ती २० मिनिटे हाच उपचाराचा भाग होता. घाबरलेल्या नातेवाइकाला मात्र त्यात फक्त उभी असलेली परिचारिका दिसली. त्याच्या रागाचे कारण यातून कळते, पण आपला हात पिरगळण्याचा अधिकार त्याला मिळत नाही.

आपण कमकुवत नाही. धोका टळल्यानंतरही शरीर काही काळ पहाऱ्यावर राहते, आणि गेटचा आवाज ही त्याच्यासाठी धोक्याची खूण झाली आहे. बहुतेकांच्या बाबतीत हे हळूहळू ओसरते. परंतु झोपमोड, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणे आणि वॉर्डात जाणे टाळावेसे वाटणे महिन्यानंतरही टिकून असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, आणि आपल्याला आता महिना झाला आहे. अशा आघातावर बोलण्यातून होणारे शास्त्रशुद्ध उपचार आहेत व ते गुणकारी ठरतात. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. वॉर्डातल्या कपाटातली झोपेची गोळी मात्र स्वतःहून घेऊ नका; हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ती आपल्या हाताशी असते.

जो तो "नक्की काय झाले?" असे विचारत असेल, तर प्रत्येकाला सगळे सांगण्याचे बंधन आपल्यावर नाही. मनाविरुद्ध पुन्हा पुन्हा सांगायला लावल्याने आघात कमी होत नाही. ज्या एका-दोन मैत्रिणींजवळ रडता येते, त्यांच्याजवळ बोला.

आता "मिटवून टाका" याविषयी. मार आपल्याला बसला आहे, त्यामुळे मिटवायचे की नाही हे वरिष्ठांनी परस्पर ठरवू नये. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार नोंदणीकृत परिचारिकेवरील हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असून त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फिर्याद आजही देता येते. त्या रात्री आपल्या हाताची तपासणी झाली होती का? आपण इतरांचे केसपेपर लिहितो आणि स्वतःचा राहून जातो. राहिला असेल तर आता तपासून घ्या, आणि त्या रात्रीचा घटनाक्रम वेळांसह लिहून, तारीख घालून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.

नोकरी सोडण्याचा निर्णय इतक्यात घेऊ नका. काही आठवडे रात्री एकटीची ड्यूटी नको, असा लेखी अर्ज द्या. पण वॉर्ड पूर्णपणे टाळू नका, कारण टाळत गेल्याने भीती मुरते. एखाद्या दुपारी वॉर्ड शांत असताना सहकारी सिस्टरला ते गेट सावकाश उघडायला-लावायला सांगा, आणि आपण टेबलापाशी ट्रे लावत राहा. हात थांबला तर थांबू द्या, मग काम पुढे सुरू करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच करा.

तालुक्याच्या गावी तो माणूस बाजारात किंवा एसटी स्टँडवर समोर येणारच. त्याने हात जोडले तरी तिथल्या तिथे "काही हरकत नाही" असे म्हणायला आपण बांधील नाही. न बोलता आपल्या गाडीत बसावे.