टीएलसीच्या प्लेटवर एका ठिपक्याचे तीन ठिपके कसे काय होतात?

तुम्ही विचारलंय की टीएलसीत (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करायची पद्धत) प्लेटवर एकच ठिपका लावतो मग वर जाऊन त्याचे तीन कसे होतात, आणि कॉलेजबाहेर हे कुणी वापरतं का. मी एमएस्सीला असताना दिवसाला दहा-पंधरा प्लेटा करायचो, तर सांगतो.

हळदच घ्या. चिमूटभर हळद मेथॅनॉलमध्ये ढवळून तो पिवळा अर्क कॅपिलरीने (बारीक काचेच्या नळीने) सिलिकाच्या प्लेटवर टेकवायचा, आणि प्लेट 95 भाग क्लोरोफॉर्म, 5 भाग मेथॅनॉल अशा मिश्रणात उभी करायची. समईची वात तेल ओढते तसं हे मिश्रण, म्हणजे सॉल्व्हंट, वर चढतं आणि हळदीतली रंगद्रव्यं सोबत ओढून नेतं. पण सिलिकाच्या कणांवर ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतात, ते वाटेत प्रत्येकाला धरतात, सोडतात, परत धरतात. जो जास्त वेळ चिकटून राहतो तो मागे पडतो. बास, एवढीच गोष्ट आहे.

हळदीत तीन सख्खी भावंडं आहेत. कर्क्युमिनमध्ये दोन मिथॉक्सी (OCH₃) गट असतात, ते शेजारच्या ओएचला स्वतःशीच गुंतवून ठेवतात, म्हणून ते सिलिकाला कमी चिकटतं आणि सगळ्यात वर जातं. एक मिथॉक्सी असलेलं मधे, आणि एकही नसलेलं खाली, कारण त्याचे ओएच मोकळेच. सॉल्व्हंट 8 सेमी चढलं आणि ठिपका 6 सेमी, तर आरएफ, म्हणजे ठिपक्याचं अंतर भागिले सॉल्व्हंटचं अंतर, 0.75.

हळदीत मेटॅनिल यलो या कृत्रिम पिवळ्या रंगाची भेसळ असेल तर ते या सॉल्व्हंटमध्ये जवळपास खालीच बसून राहतं, सल्फोनिक गटामुळे भयंकर पोलर आहे ना, सिलिकाला घट्ट चिकटतं. आयुर्वेदिक औषधांच्या वनस्पती ओळखायला, शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष बघायलाही हेच वापरतात (ते यूव्हीखाली चमकतं). आणि सिंथेसिसवाल्यांचं (प्रयोगशाळेत नवे पदार्थ बनवणाऱ्यांचं) तर टीएलसीशिवाय पानच हलत नाही, रिॲक्शन संपली का हे दर अर्ध्या तासाने प्लेटच सांगते. रंगहीन पदार्थ असेल तर ठिपके यूव्हीखाली नाहीतर आयोडीनच्या वाफेत बघायचे.

बेसलाइन (ठिपका लावायची खालची रेघ) पेन्सिलनेच मारा. मी पहिल्यांदा पेनाने मारली होती, शाईचेच चार रंग वर गेले आणि मी खुशीत वहीत लिहूनही टाकलं की चार घटक मिळाले 😅 आणि सॉल्व्हंटची पातळी ठिपक्याच्या खालीच हवी, नाहीतर माल सगळा खालच्या सॉल्व्हंटमध्येच विरघळतो. ओळख पटवायची असेल तर शेजारी शुद्ध नमुना लावा, आणि दोघं एकाच उंचीला आले तरी लगेच नाचू नका, सॉल्व्हंट बदलून परत एकदा चढवून बघा.